मातृभाषेच्या रकान्यात आई कुठे आहे?

जन्मतारखेचा पुरावा म्हणून मध्यंतरी मला माझा शाळा सोडल्याचा दाखला शोधावा लागला. १९८० सालचा. घडीवर फाटलाय, पण हेडमास्तरांचं निळ्या शाईतलं अक्षर अजून स्पष्ट आहे. विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव या रकान्यात माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मग धर्म आणि जात. मग जन्मस्थळ. आणि मध्येच एक ओळ : मातृभाषा – मराठी.

आईचं नाव दाखल्यावर कुठेच नाही. तेव्हा तसा रकानाच नव्हता. आईची भाषा शाळेला हवी होती, आई कोण हे विचारायची गरज कोणाला वाटली नव्हती. (महाराष्ट्रात सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचा नियम आला तो १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी. आपल्यापैकी बहुतेकींची नातवंडं त्यात बसतील, आपण नाही.)

त्यातून गंमत अशी की दाखल्यावर लिहिलेली भाषा माझ्या आईची नाहीच. माझी आई कानडी.

तिचं माहेर विजापूर जिल्ह्यात, इंडी तालुक्यात. सासर सोलापूर जिल्ह्यात. मध्ये भीमा. आमच्या त्या पट्ट्यात सोयरीक भाषा बघून होत नाही, जात बघून होते. त्यामुळे सीमाभाग कोणाचा यावर पुरुष मंडळी मोर्चे काढत होती त्याच काळात त्यांच्याच घरातल्या मुली लग्न होऊन सीमेच्या इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात होत्या. आई आली तेव्हा सतरा वर्षांची होती. मराठीचे चार-दोन शब्द यायचे. आजीने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "तुझं ते यंडुगुंडू घरात नको. पोरं तोतरी निघतील."

मग आई मराठी शिकली. भाकरी थापताना, धुणं धुताना, बोलणी खाताना शिकली. कुणी शिकवली नाही. कानडीत बाई असो की बाप्या, "मी आले" आणि "मी आलो" याला एकच बोलणं आहे : नानु बंदे. मराठीत बाईला पावलोपावली आपण बाई असल्याचं क्रियापदातून सांगावं लागतं. (भविष्यकाळ तेवढा सुटला. मी जाईन, हे दोघांचंही सारखंच.) आई म्हणायची, "मी पाणी घेऊन आलो," आणि ओट्यावर बसलेले चुलते हसायचे, "वैनी बाप्या झाल्या काय?" कोल्हापूरकडच्या बायकाही "मी जातो" म्हणतात आणि पुण्यातले लोक त्यांना हसतात, हे मला फार उशिरा कळलं. आई मात्र हळूहळू बोलायचीच कमी झाली. घरात तिची ख्याती झाली, "गरीब स्वभावाची सून".

नागपंचमीला मामा मुराळी म्हणून यायचा. तो आला की आई त्याच्याशी बोलायची तो आवाजच वेगळा असायचा. भरभर, मोठ्याने, हात हलवत, मध्येच त्याच्या पाठीत धपाटा घालत. मी सात-आठ वर्षांची असेन. ही बाई कोण, असं मला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर राग यायचा. माझी आई कशाला तरी खळखळून हसतेय आणि ते मला कळत नाही याचा राग.

तुकोबांच्या एका अभंगात कानडी बायको आणि मराठी नवरा आहेत. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही आणि त्यातून घोटाळा होतो. अभंग गमतीचा म्हणून सांगितला जातो. आमच्या घरी असा घोटाळा कधी झाला नाही, कारण वडिलांना कानडी कळायची वेळच आली नाही. दोघांपैकी कोणी शिकायचं हे लग्नाआधीच ठरलेलं होतं.

तर मैत्रिणींनो, आता सांगा, माझी मातृभाषा कोणती?

जनगणनेकडे याचं उत्तर तयार आहे. भारताच्या जनगणनेत मातृभाषेची व्याख्या दिलेली आहे. व्यक्तीच्या लहानपणी तिची आई तिच्याशी जी भाषा बोलत असे ती मातृभाषा. आई तान्हेपणीच वारली असेल तर लहानपणी घरात मुख्यतः जी भाषा बोलली जाई ती. शंका असेल तर कुटुंबात मुख्यतः बोलली जाणारी. वाचायला व्याख्या चांगली आहे. सरकारी कागदांमध्ये आईला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या व्याख्या फार नाहीत, तेव्हा हिचं कौतुकच करायला हवं. पण ती एक गोष्ट गृहीत धरते : आई आपल्या मुलाशी आपल्या मनाने हव्या त्या भाषेत बोलू शकते. माझी आई माझ्याशी मोडक्या मराठीत बोलली, कारण दुसऱ्या भाषेला घरात बंदी होती. आजी शेतावर गेली की पाळणा हलवताना ती हळू आवाजात कानडी जोगुळ म्हणायची, असं मोठी बहीण सांगते. अशा किती दुपारी झाल्या म्हणजे माझी मातृभाषा कानडी होईल, हे व्याख्येत लिहिलेलं नाही.

व्याख्येप्रमाणे दाखल्यावरचं "मराठी" बरोबरच आहे. मला स्वतःलाही मराठीच आपली वाटते. याच भाषेत मी शिकले, भांडले, चळवळीत आले. माझी तक्रार माझ्या मराठीबद्दल नाही. हेडमास्तरांनी तो शब्द वडिलांना विचारून लिहिला, वडिलांनी तो क्षणाचाही विचार न करता सांगितला, आणि तेव्हा आई घरी भांडी घासत होती, याबद्दल आहे.

भाषेला आईचं नाव तरी का लागलं? युरोपात मध्ययुगात देवळाची, न्यायाची, विद्येची भाषा लॅटिन होती. ती मुलगे शाळेत, पुरुषांकडून शिकत. घरात बायका आणि पोरं जे बोलत त्याला आईची भाषा म्हणू लागले. त्या नावात गौरव कमी आणि पायरी जास्त होती. आपल्याकडे शब्द वेगळे, पायरी तीच. संस्कृत नाटकांचा रिवाज असा की राजा, ब्राह्मण, मंत्री संस्कृत बोलणार आणि बायका, दास-दासी प्राकृत. शाकुंतलात भर दरबारात शकुंतला आपली बाजू मांडते ती प्राकृतात, आणि दुष्यंत तिला ओळख नाकारतो तो संस्कृतात. आपल्या केंद्रावर बसणाऱ्या कोणालाही हा देखावा नवा वाटणार नाही. फिर्याद एका भाषेत, निकाल दुसऱ्या भाषेत.

ही पायरी नाकारणारेही आपल्याकडे झाले. तेराव्या शतकात चक्रधरांनी आपला विचार मराठीत सांगितला. त्यांच्यामागे पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली तेव्हा विद्वान शिष्यांना संस्कृतात लिहायची हौस होती. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं आणि कारण दिलं ते पंथातल्या म्हाताऱ्या बायकांचं. संस्कृतात गेलं की त्या वंचित होतील. मराठीच्या थोरवीची जी भाषणं आपण दर २७ फेब्रुवारीला ऐकतो त्यांत ज्ञानेश्वर असतातच, असायलाच हवेत; पण या म्हाताऱ्यांचा उल्लेख मी फारसा ऐकलेला नाही. एका भाषेत लिहायचं की नाही हे ठरवताना निरक्षर म्हाताऱ्या बायकांचा विचार झाला, ही साधी गोष्ट नाही.

आणि आईची भाषा म्हणजे नेहमी चुलीजवळचीच, असंही नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं त्यांच्या आईने. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं म्हणून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला, आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिलं. ज्या भाषेला बायकांनी शिवू नये असा दंडक होता तीच या मुलीला आईकडून मिळाली. याच रमाबाईंनी पुढे बायबलचं भाषांतर करताना सामान्य बायकांना समजेल अशा साध्या मराठीचा आग्रह धरला.

पुढे राष्ट्रवादाच्या काळात भूमी माता झाली, तशी भाषाही माता झाली. पायरी होती तिथे मखर आलं. मखरातल्या आईचा एक गुण म्हणजे ती बोलत नाही. तिच्या नावाने दुसरेच बोलतात. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा "माय मराठी"चे फलक गल्लोगल्ली लागले. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीचा निर्णय निघाला, त्याच्यावर रान उठलं आणि २९ जूनला सरकारने तो मागे घेतला. मीही त्या सक्तीच्या विरोधातच होते. सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तिसरी भाषा लादू नये हे सांगायला पंडित लागत नाही. पण त्या सगळ्या गदारोळात "मातृ" हा शब्द इतक्या वेळा ऐकला, आणि व्यासपीठावर बायका किती होत्या ते तुम्हीच आठवून बघा.

शिवाय आईच्या नावाने भाषा म्हटलं की ती टिकवायची जबाबदारी आपोआप आईवर येते. मुलं मराठी बोलत नाहीत, कोणाचा दोष? "मम्मी" म्हणवून घेणाऱ्या बाईचा. यावर विनोद झाले, एकांकिका झाल्या. इंग्रजी शाळेची फी भरायचा निर्णय घरात कोण घेतं हे त्या एकांकिकांत कधी येत नाही. आमच्या वस्त्यांमध्ये तर वेगळंच चित्र आहे. एकाच घरातला मुलगा टाय लावून इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतो आणि मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत चालत जाते. मायबोली जपायचा मान मुलीला मिळतो तो असा.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला संकोच वाटतो, पण सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

सोलापूर हे मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांचं शहर. यंत्रमाग आणि विडीचं शहर. विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बायका मोठ्या संख्येने आहेत. तिथल्या एका सल्ला केंद्रावर मी काही वर्षं काम केलं. दहा-बारा वर्षांपूर्वी पोलीस चौकीतून आमच्याकडे एक मुलगी पाठवली गेली. वय एकोणीस-वीस. तेलंगणातून लग्न होऊन आलेली, लग्नाला आठ महिने. मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. बरोबर दीर. चौकीतही तिचं म्हणणं त्यानेच सांगितलं होतं, आमच्याकडेही तोच सांगू लागला. मुलगा सभ्य दिसत होता, बोलायला नम्र. ती मान खाली घालून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती : "वद्दु."

"वद्दु म्हणजे नको," दीर म्हणाला. "केस नको म्हणतीय ती, ताई. मिटवून घ्या म्हणतीय."

नको म्हणजे नको. बाईच्या इच्छेविरुद्ध काही करायचं नाही हा तर आपला पहिला नियम. मी नोंदवहीत लिहिलं, "तक्रारदार बाईस पोलीस तक्रार करावयाची नाही. समजुतीने मिटवावे अशी इच्छा." अशा तीन बैठका झाल्या. तिन्ही वेळा तिला दिराबरोबर घरी पाठवलं.

चौथ्या वेळी आमच्या संघटनेतली एक विडी कामगार बाई तिच्या भविष्य निर्वाह निधीच्या कागदासाठी केंद्रावर आली होती. बाकावर शेजारी बसलेल्या या मुलीशी ती सहज तेलुगूत बोलली. दोन मिनिटांनी ती उठून माझ्या टेबलाशी आली. "बाई, ही केस नको म्हणत न्हाई. इंटिकी वद्दु म्हणतीय. घरला नको. घरला नको पाठवू म्हणतीय."

त्या तीन आठवड्यांत घरी काय झालं ते मी इथे लिहीत नाही. तिची परवानगी घेतलेली नाही. ती त्यातून बाहेर पडली, एवढंच सांगते. चौकीत जे झालं त्याला चौकी जबाबदार आहेच. पण नोंदवहीतलं अक्षर माझं आहे आणि खाली सही माझी आहे. माझ्या आईला गप्प बसवणाऱ्या घरात मी वाढले होते, आणि तरी एका बाईची भाषा दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला काही खटकलं नाही.

कायदा यावर अगदीच गप्प नाही. महाराष्ट्रात जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरली ती १९९८ च्या अधिसूचनेने. उच्च न्यायालयाचा कारभार इंग्रजीत. साक्षीदार न्यायालयाच्या भाषेखेरीज दुसऱ्या भाषेत बोलत असेल तर शक्य असल्यास त्याच भाषेत जबाब लिहावा, नाहीतर खरं भाषांतर करून तो नोंदीत जोडावा, असं फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. लहान मुलांसाठी २०१२ च्या पॉक्सो कायद्यात जबाब घेताना दुभाषा देण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत आहे. पण न्यायालयापर्यंत पोचण्याआधी चौकीचा बाक असतो आणि आपला बाक असतो. तिथे दुभाषा कोण? नवरा, दीर, सासरा, फार तर सासू. जिच्याविषयी तक्रार आहे त्याच घरातलं माणूस.

त्या प्रसंगानंतर आम्ही केंद्रावर एक नियम केला. नातेवाईक दुभाषा चालणार नाही, मग तो माहेरचा असला तरी. (माहेरचेही "नांदायला पाठवा" एवढंच भाषांतर करतात, हा अनुभव आहे.) भिंतीवर एक यादी लावली. तेलुगू, कानडी, दखनी, गोरमाटी, वडारी, पारधी, कैकाडी; कोणती भाषा कोणाला येते आणि ती बाई कुठे भेटेल. त्यांना येण्या-जाण्याचं भाडं आणि बुडालेल्या मजुरीइतके पैसे द्यायचे. यावर आमच्यात वाद झाला. काही जणींचं म्हणणं, बायकांनी बायकांसाठी हे प्रेमाने करावं. मला ते पटलं नाही. हजार विड्या वळल्याशिवाय जिची त्या दिवसाची मजुरी होत नाही तिच्याकडून तीन तास फुकट घ्यायचे आणि त्याला भगिनीभाव म्हणायचं, हे बरं नव्हे.

आता पुन्हा जनगणनेकडे येते, कारण तिचा दिवस जवळ आला आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेप्रमाणे पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे सोळा वर्षांनी हा प्रश्न पुन्हा दाराशी येणार.

२०११ मध्ये लोकांनी आपल्या मातृभाषेची जी नावं सांगितली त्यांची संख्या १९,५६९ भरली. ती छाननी करून १,३६९ वर आणली आणि मग त्यांची गटवारी करून १२१ भाषा ठरवल्या. या गटवारीत काय काय होतं ते बघण्यासारखं आहे. लमाणी तांड्यावरची गोरमाटी बोलणारी माणसं ३० लाखांहून जास्त. ती सगळी हिंदीच्या खात्यात. तांड्यावरच्या ज्या आजीला हिंदीत धड भाव करता येत नाही तीही हिंदी भाषक. भिली बोलणारे कोटीहून जास्त आणि गोंडी बोलणारे ३० लाखांच्या आसपास, पण दोन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत. संस्कृत आहे. संस्कृत मातृभाषा सांगणारे २०११ मध्ये २४,८२१ होते. व्याख्येप्रमाणे याचा अर्थ इतकाच की तेवढ्या माणसांच्या आया लहानपणी त्यांच्याशी संस्कृतात बोलत होत्या. लक्ष्मीबाई डोंगऱ्यांच्या इतक्या लेकी-सुना आपल्या देशात आहेत हे वाचून आनंद झाला.

आणखी एक कलम आहे त्या व्याख्येत. बहिऱ्या-मुक्या व्यक्तीची मातृभाषा म्हणून तिच्या आईची बोलायची भाषा लिहावी. जी भाषा त्या बाईने जन्मात ऐकलेली नाही ती तिच्या नावावर, आणि जी खुणांची भाषा ती हातांनी रोज बोलते तिला रकाना नाही. हे जिने ठरवलं, किंवा ज्याने ठरवलं, त्याने अशा एखाद्या मुलीला तरी विचारलं होतं का?

पण माझं मुख्य म्हणणं सरकारच्या व्याख्येविषयी नाही, आपल्या उंबऱ्याविषयी आहे. प्रगणकांना दिलेल्या सूचना स्पष्ट असतात. घरातल्या प्रत्येक व्यक्तीची मातृभाषा स्वतंत्रपणे विचारा. एका कुटुंबातल्या सगळ्यांची ती एकच असेल असं नाही. सांगेल ती तशीच लिहून घ्या. धर्मावरून अंदाज बांधू नका. कागदावर याहून काय चांगलं हवं? २०११ मध्ये आमच्या गावच्या घरी प्रगणक आला तेव्हा मी तिथेच होते. एक दमलेले शिक्षक, हातात फॉर्मचा गठ्ठा, बाहेर ऊन. माझ्या भावाने ओट्यावरूनच सांगितलं, "आमच्यात सगळ्यांची मराठी." शिक्षकांनी वरपासून खालपर्यंत मराठी, मराठी, मराठी लिहिलं. आई आत शेंगा फोडत बसली होती. मी गप्प राहिले. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही, हे जास्त वाईट.

या वेळी स्वतःची माहिती स्वतः फोनवरून भरायची सोय असणार आहे. सोय कोणाची? फोन ज्याच्या हातात त्याची. प्रगणक निदान दाराशी येतो, एखादी बाई पदर खोचून आतून ओरडून तरी सांगू शकते. फोनवर घरातला एक पुरुष पाच मिनिटांत सगळ्यांच्या आया ठरवून मोकळा होईल.

आपल्याच घराबद्दलही दोन शब्द. आपल्या बैठकांचे वृत्तांत काढून बघा. बाई बोलते, "म्या त्याला म्हन्लं, हात लावून बग." वृत्तांतात येतं, "मी त्यास विरोध केला." तिचा आवाज, तिचा राग, सगळं धुऊन वाळत घातलेलं. शांताबाई कांबळेंनी आपल्या पुस्तकाचं नाव "माज्या जल्माची चित्तरकथा" असंच ठेवलं. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं; त्यांची गाणी मुलाने उतरून घेतली आणि १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर, छापून आली, पण बोलीला हात न लावता आली म्हणून आपल्यापर्यंत बहिणाबाई पोचल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. या सगळ्यांचा आपण अभिमान बाळगतो. आणि आपल्या पत्रकात मात्र "सक्षमीकरण" आणि "लिंगभाव" लिहून ते पालावर वाटतो. मीही लिहिलंय. त्या शब्दांची गरज नाही असं नाही. पण पालावरची बाई त्याला काय म्हणते हे आपण कधी लिहून घेतलंय?

मागे एका शिबिरात आम्ही ओळखीच्या खेळाऐवजी एक साधा प्रश्न फिरवला. तुमची आई तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलायची, आणि ती तिच्या आईशी कोणत्या भाषेत बोलायची? दुसऱ्या प्रश्नाला बऱ्याच जणी थबकल्या. एक म्हणाली, "मला आईची भाषा समजते, पण तोंडातून येत नाही." पारधी वस्तीतली एक मुलगी म्हणाली, "आमची भाषा बाजारात बोललं की लोक पिशव्या छातीशी धरतात. म्हणून आई आम्हाला बाहेर गप्प बसवायची." एकीने उलटंच सांगितलं. तिला माहेरची बोली नकोच होती. त्या बोलीत तिच्यासाठी फक्त हुकूम होते, आणि मुंबईत आल्यावर हिंदीत तिला पहिल्यांदा "नाही" म्हणता आलं. हेही ऐकायला हवं. मातृभाषा म्हटली की गळा काढलाच पाहिजे असं कोणाही बाईवर बंधन नाही. तिला सोडायची असेल तर तिने खुशाल सोडावी. तिच्या वतीने दुसऱ्याने दारात उभं राहून सांगू नये, एवढंच.

म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या गटांनी ठरवलंय की जनगणनेच्या आधीच्या दोन महिन्यांत प्रत्येक वस्तीच्या बैठकीत हा विषय घ्यायचा. रकाना कोणता, व्याख्या काय, प्रगणकाला कोणत्या सूचना आहेत हे समजावून सांगायचं. कोणी काय सांगावं ते सांगायचं नाही. बाईने कानडी सांगावी की मराठी, हिंदी की गोरमाटी, ते तिचं ती ठरवेल. फोनवर भरणार असाल तर आधी घरातल्या प्रत्येक बाईला विचारा, आणि सासूला पहिल्यांदा विचारा. तिला कोणी विचारलेलं नसतं. तुमच्याकडे काय उत्तरं आली ते आम्हाला कळवा. बाईच्याच शब्दांत कळवलंत तर फार बरं.

माझी आई आता ऐंशीच्या पुढे आहे. दिवाळीत मी तिला विचारलं, "आई, प्रगणक आला आणि तुझी मातृभाषा विचारली तर काय सांगशील?" ती शेंगा निवडत होती. थोडा वेळ थांबून म्हणाली, "तुझ्या वडलांच्या कागदात बघ की. त्यात लिहिलं असंल."

वडील जाऊन नऊ वर्षं झाली. मी भावाला सांगून ठेवलंय की प्रगणक यायचा असेल तेव्हा मी चार दिवस गावी येणार आहे, आणि त्या दिवशी ओट्यावर आईची खुर्ची टाकायची.